न मुरलेली बाटली

११ डिसेंबर २०१६, ओकपो

छिलसंग,

दादा लिहिणार नाही. आई समोरच बसली आहे आणि 'दादा लिही' म्हणून मागे लागली आहे. माझा जबडा तारेने बांधलेला असल्यामुळे मला तिला उलट उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे कागदावर देतो.

तुझ्या वकिलाचा माणूस काल येऊन गेला. हातात नाशपातीची पेटी. जबडा बांधलेल्या माणसाला नाशपाती आणणारा वकील तुला मिळाला आहे, तेव्हा तुझं काही खरं नाही. टेबलावर एक कागद ठेवून गेला. मला मारणाऱ्याला शिक्षा व्हावी अशी माझी इच्छा नाही, असं त्यात लिहिलंय आणि खाली सहीऐवजी माझ्या नावाच्या शिक्क्यासाठी जागा सोडली आहे. शिक्का उमटला की कोर्ट नरमेल आणि निकालाच्या दिवशीच तू घरी येशील. कागद ओला होऊ नये म्हणून आईने तो किमचीच्या फ्रिजवर ठेवलाय. त्याच फ्रिजवर, ज्याच्या दाराला माझं डोकं आपटून तू पोचा पाडलास.

पोलिसांना तू काय सांगितलंस ते मला कळलं. म्हणे भावाने विष दिलं म्हणून डोकं फिरलं. ऐक मग. तू बूट न काढता आईच्या स्वयंपाकघरात आलास तेव्हा मी भात वाढून घेत होतो. बूट बघूनच मला कळायला हवं होतं, पण मी ताट खाली ठेवेपर्यंत तुझा पाना माझ्या नाकावर बसला. नाकाचं हाड मोडतं ना, तो आवाज कानाने ऐकू येत नाही, दातांत ऐकू येतो. आई तुझ्या कमरेला लोंबकळली. तू तिला अशी झटकलीस की ती कोबीच्या टोपात जाऊन बसली. मी पडल्यावरही तू थांबला नाहीस. फ्रिजमधून माझ्या बाटल्या काढून एकेक फरशीवर फोडल्यास, शेवटची माझ्या फाटलेल्या तोंडावर ओतलीस आणि म्हणालास, "आता तूच पी."

तोंडात रक्त असताना मी तीनदा सांगितलं, आज परत सांगतो. ती बाटली मी तुला दिली नाही. मिरान वहिनीच्या हातात दिली नाही, कुणाच्याच हातात दिली नाही.

आईची किमचीसाठी कोबीची साठवण झाली की दर वर्षी आपली साठवण. वेपचं, त्या ई-सिगारेटचं लिक्विड मी जहाजांच्या गोदीतल्या अर्ध्या वेल्डरांना बनवून देतो ते काही उगीच नाही. थंडीत ते मधासारखं घट्ट होतं. निकोटिन मी शेवटी ओततो, ते वरच तरंगत राहतं. बाटली कोमट पाण्यात धरायची, हलवायची, परत धरायची, परत हलवायची आणि मग अंधारात मुरत ठेवायची. फळांचं लवकर होतं. तुला लागतो तो भाजलेल्या सातूच्या पिठाचा वास, त्याला सगळ्यात जास्त मुरावं लागतं, कच्चं असताना ते अत्तर चाटल्यासारखं लागतं. त्या दिवशी बाटल्या भरून झाल्या आणि आईने टोप उचलायला हाक मारली. मी त्या न हलवता तशाच फ्रिजमध्ये सरकवल्या आणि प्रत्येकीच्या झाकणावर रंगकामातली लाल चिकटपट्टी लावली. लाल पट्टी असेपर्यंत माझ्या बाटलीला कुणी हात लावत नाही, हे तुला माहीत आहे. तू स्वतः एकदा तुझ्या चेल्याच्या, त्या गांगशिकच्या कानाखाली काढली होतीस, त्याने पट्टीला हात लावला म्हणून.

परांचीवर चढायच्या आधी तू ते ओढलंस, चक्कर आली, आणि अख्ख्या पाळीसमोर सुरक्षेच्या पट्ट्याला उलटा लोंबकळत ओकलास. लोक हसले. हसले म्हणून तू माझं नाक फोडलंस.

डॉक्टर म्हणतात, वास परत येईल किंवा येणार नाही. आई माझ्यासमोर माशाचं कालवण ठेवते आणि मला ते गरम पाणी वाटतं. नाक गेलेला माणूस लिक्विड काय डोंबल बनवणार.

शिक्का मारणार नाही. तिथे कुज.

दाल्सू


२७ डिसेंबर (पाठवायचं नाही)

दादा,

हे पाठवणार नाही, म्हणून दादा लिहायला हरकत नाही. तार अजून निघालेली नाही, कुणाशी धड बोलता येत नाही आणि हे आईला सांगता येण्यासारखं नाही.

तुझं उत्तर आलं. मला वाटलं होतं शिव्या असतील. तू लिहिलंस, "अधकच्ची बाटली तू मेलास तरी कुणाला देणार नाहीस, हे मला तेव्हाच सुचायला पाहिजे होतं. पण मिरान बाटली घेऊन आली तेव्हा तिच्यावर लाल पट्टी नव्हती. मी विचारलं, मुरलेली आहे का? ती म्हणाली, भाऊजींनी दिली. तू दिली नाहीस, तर मग पट्टी कुणी सोलली?"

खरं सांगतो, वाचून मला आनंद झाला. जन्मात पहिल्यांदा तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास. मी एवढा मूर्ख की मिरान वहिनी पेज घेऊन आल्या तेव्हा तो कागद मी त्यांच्या हातात दिला. बघा, म्हणावं, तुमचा नवरा शुद्धीवर आलाय.

त्यांनी तो उभ्यानेच वाचला. घडी घालून टेबलावर ठेवला. मग माझा वाडगा धुतला, पुसला, तव्यावरचं झाकण पुसलं. पुसण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा म्हणाल्या, "त्या दिवशी फनेल मी धरलं होतं, भाऊजी. तुम्ही मला सांगितलंत, ही हलवल्याशिवाय कुणाला देऊ नका, आजारी पडेल. मी ऐकलं होतं."

मला बोलता येत नव्हतं. वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं, का?

त्यांनी उजवा हात बरगड्यांवर ठेवला. त्या सगळा महिना वाकताना तिथे हात का धरत होत्या, ते मला तेव्हा कळलं. आम्हाला त्यांनी न्हाणीघरात घसरले असं सांगितलं होतं. तुझं लिक्विड संपलं होतं आणि तुला चैन पडत नव्हतं, एवढंच त्यांचं चुकलं होतं.

मी लिहिलं, तो मरेल असं वाटलं नाही?

"वाटलं," त्या म्हणाल्या. "वाटलं, आणि तरी सोलली. मग घरी येऊन भांडी घासली. ते तुमच्याकडे येतील, असं मात्र वाटलं नव्हतं. मी घाबरून तुमचं नाव घेतलं."

डोक्यात तिडीक गेली, दादा. माझं नाक, माझे दात, माझं काम, सगळं या बाईच्या एका वाक्यापायी. मी वाडगा उचलला आणि फेकला. त्यांच्या डोक्याजवळ भिंतीवर फुटला. त्या ओरडल्या नाहीत, हातही वर केला नाही. फक्त डोळे मिटले आणि मान थोडी डावीकडे वळवली, म्हणजे फटका कानावर बसू नये. किती वेळा मार खाल्ल्यावर माणूस असं शिकतो, ते मला माहीत आहे. मीही लहानपणी तुझ्यासमोर तशीच मान वळवायचो.

मग आई बाजारातून यायच्या आत आम्ही दोघांनी मिळून वाडग्याचे तुकडे वेचले.

त्यांनी जाताना एकच विचारलं. "तुम्ही त्यांना काय उत्तर देणार?"

मला माहीत नाही. खरं लिहिलं तर तू सुटशील त्या दिवशी त्या मरतील, हे मला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसतंय. तू पाना घेऊन भावाकडे आलास. बायकोकडे काय घेऊन जाशील?


९ जानेवारी २०१७, ओकपो

छिलसंग,

तुझं दुसरं पत्रही आलं. एकच प्रश्न किती वेळा विचारशील?

कुणी सोलली नाही. फ्रिजमध्ये कोबीचं पाणी सांडलं होतं, आईला विचार. पट्टी ओली होऊन सुटली असणार. वहिनींना वाटलं मुरलेली आहे, त्यांनी उचलली. माझं नाव का घेतलं विचारशील, तर बाटली माझी होती म्हणून घेतलं. दुसरं कुणाचं घेणार? हा सगळा अपघात आहे. तू माणसाला अर्धमेला केलास तो एका सुटलेल्या पट्टीसाठी, हे पचवायला जड जातंय म्हणून तुला कुणीतरी गुन्हेगार पाहिजे. पाहिजे तर आरशात बघ. तुरुंगात आरसा देतात का, माहीत नाही.

जबड्याची तार निघाली. मी आता भात खातो. वास अजून नाही.

आई रोज त्या कागदाकडे बघून उसासे टाकते. तुला मी एक सांगतो. हा विषय तू इथे सोडलास, परत कधी काढला नाहीस, तर मी शिक्का मारायचा विचार करीन. मारीन असं म्हणत नाही. विचार करीन.

वहिनी बऱ्या आहेत. फारशा दिसत नाहीत.

दाल्सू


२१ जानेवारी (पाठवायचं नाही)

दादा,

माझ्याइतका गाढव माणूस या बेटावर दुसरा नसेल.

तुझं उत्तर आलं. "ती पट्टी आपण जहाजाच्या बुडाला रंगकामाच्या वेळी लावतो. समुद्राच्या पाण्यात सुटत नाही आणि कोबीच्या पाण्यात सुटली? मी वेल्डर आहे, तू रंगारी. तुला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत. आणि तू शिक्क्याचं आमिष दाखवतोस? तू कुणाला तरी वाचवतोयस. बास, मला कळलं."

माझ्या हातून त्या पट्टीचे मैलच्या मैल गेले असतील. निघत नाही म्हणून मी रोज नखं मोडून घेतली आहेत. आणि खोटं बोलायची वेळ आली तेव्हा मला तीच सुचली.

त्यानंतर चार दिवसांनी गांगशिक आला. तुझा तो लाडका चेला. बूट काढून, व्यवस्थित वाकून नमस्कार करून आत आला. आईने त्याला कॉफी दिली. मग ती मागच्या अंगणात कॉड मासे वाळत घालायला गेली तेव्हा हा म्हणाला, "दादांनी काही नाही, फक्त विचारायला सांगितलंय. वहिनी हल्ली त्यांची लॉन्ड्री कधी बंद करतात? घरी एकट्याच असतात ना?"

मी विचारलं, "कशाला?"

"मला काय माहीत," तो हसला. "मी नुसता निरोप्या. बघून ये म्हणाले, आलो. तिचे दोन-तीन दात हलवून ये असंही म्हणाले होते, पण मी म्हटलं आधी भावाला विचारू."

कोबी दाबायचा दगड शेजारीच होता. मी तो उचलल्याचं मला आठवत नाही. त्याचा टेबलावरचा हात दगडाखाली होता, हे आठवतं. कप फुटला, आणि कपाखालचं काहीतरी पण फुटलं. तो किंचाळला तेव्हा मी परत मारला. तिसऱ्यांदा त्याने हात ओढून घेतला म्हणून दगड टेबलात रुतला. मी त्याची मान धरून तोंड फ्रिजच्या दारावर दाबलं, जिथे माझ्या डोक्याने पोचा पडलाय तिथेच, आणि सांगितलं, लॉन्ड्रीच्या रस्त्याला जरी दिसलास तर दुसरा हात पण असाच करीन. त्याने पँटमध्ये मुतलं. मला वास आला नाही, पाय ओला लागला म्हणून कळलं.

लपवत नाही, मला फार बरं वाटलं. नाक फुटल्यापासून पहिल्यांदा अंगात रक्त फिरल्यासारखं वाटलं. तुला दर वेळी असंच वाटतं का? तसं असेल तर तू का थांबत नाहीस ते मला समजलं, आणि ते समजलं याचीच मला भीती वाटते.

आई दारात उभी होती. हातात मासा. तिने गांगशिककडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू पण तसाच निघालास." मी तिला काही सांगितलं नाही. तिला खरं कळलं तर ती तुला भेटायला येईल तेव्हा तिच्या तोंडावरून तू ओळखशील.

गांगशिक पोलिसांत गेला नाही. तू काय सांगितलं होतंस ते मग बाहेर आलं असतं.

वहिनी काल गेल्या. सामान जास्त नव्हतं. बसच्या थांब्यावर मी कुठे जाताय असं विचारलं नाही, आणि त्यांनी सांगायला तोंड उघडलं तेव्हा मी हाताने थांबवलं. मला माहीतच नसेल तर माझ्याकडून कुणाला काढून घेता येणार नाही. बसमध्ये चढताना म्हणाल्या, "पोलिसांना सगळं सांगून टाकू का? विष दिल्याच्या आळातून तुम्ही तरी सुटाल." मी म्हटलं, सांगितलंत तर त्याच्या वकिलाला कळेल, वकिलाला कळलं की त्याला कळेल. त्या रडल्या नाहीत. मी रडलो, आणि त्याबद्दल तू मला चिडवणार नाहीस, कारण हे तुला मिळणार नाही.

पण जगात लपायला जागा किती असते? तू सुटशील. या वर्षी नाही तर पुढच्या. तुझ्या डोक्यात तो प्रश्न असाच मुरत राहिला तर तू तिला शोधशील. कोरिया काही मोठा देश नाही. तो प्रश्नच तुझ्या डोक्यातून काढला पाहिजे, आणि त्याच्या जागी दुसरं काहीतरी घातलं पाहिजे. तुला पटेल असं. पट्टीसारखी थाप नको.


२ फेब्रुवारी २०१७, ओकपो

दादा,

तुझं बरोबर आहे. ती पट्टी पाण्याने सुटत नाही. मी सोलली.

तुला वाटलं मी कुणाला तरी वाचवतोय. मी स्वतःला वाचवत होतो. गेले दोन महिने मी सगळ्यांसमोर नाक फुटलेला बिचारा भाऊ म्हणून बसलोय, आई पेज भरवते, शेजारी फळं आणतात. ते सोडवेना. पण तू वहिनींवर घसरलास आणि गांगशिकला पाठवलंस, तेव्हा मला हसू आलं. एवढं सगळं मी केलं आणि श्रेय त्या बाईला? ते मला चालणार नाही.

ऐक कसं केलं. वहिनी तुझ्यासाठी बाटली मागायला आल्या. मुरलेली एक होती मागच्या साठवणीतली, ती मी मागे सरकवली. लाल पट्टीची काढली, आत जाऊन पट्टी सोलली, झाकण पुसलं आणि त्यांच्या हातात दिली. म्हटलं, मस्त मुरली आहे, दादाला सांगा खास त्याच्यासाठी ठेवली होती. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी तुला खरं तेच सांगितलं, भाऊजींनी दिली.

तू लिहितोस, दाल्सू अधकच्चं कुणाला देत नाही. माणसांना देत नाही.

कारण पाहिजे? किती देऊ? मी सात-आठ वर्षांचा असताना तू मला मासे वाळवायच्या काठीला माझ्याच पट्ट्याने टांगलं होतंस आणि जेवायला गेला होतास. आठवतं? तुला आठवणार नाही, तुझं जेवण चांगलं झालं असेल. बाबांच्या अंत्यविधीत पाहुण्यांसमोर मला लाथ घातलीस, मी रडत नव्हतो म्हणून. माझं लग्न मोडलं ते का, हे तुला अजून माहीत नाही. ती मुलगी घरी आली होती, तू दारू पिऊन आईवर ताट फेकलंस, ती चपला घालून निघून गेली आणि परत आली नाही. मी तुझं लिक्विड वर्षानुवर्षं बनवलं. प्रत्येक वेळी ती बाटली हलवताना मला वाटायचं, नको हलवू. या वेळी नाही हलवली.

तू पट्ट्याला उलटा लोंबकळत ओकत होतास तेव्हा मी खालच्या परांचीवर होतो. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. तू मेला असतास तरी मी हसलो असतो.

वहिनी गेल्या. कुठे गेल्या मला माहीत नाही, तुला पटो न पटो. तुझ्या माराला कंटाळल्या, एवढंच. त्यांच्यामागे लागलास तर सगळी गोदी म्हणेल, छिलसंगला खरा माणूस सापडला नाही म्हणून बाईवर हात टाकला. तुझा माझ्याशी हिशेब आहे. माझाही तुझ्याशी आहे.

शिक्क्याचा कागद मी आज चुलीत घातला. हे पत्र वकिलाला दाखवायचं तर खुशाल दाखव. पोलीस आले तर त्यांनाही हेच सांगेन, शब्दन् शब्द. माझं जे व्हायचं ते होऊ दे. गांगशिकला विचार, माझ्या हातात काय आहे ते तो सांगेल. सांगायला त्याचा एकच हात चालतो सध्या.

तू सुटशील तेव्हा दुसरीकडे कुठे वळू नकोस. सरळ माझ्याकडे ये. मी ओकपो सोडून जाणार नाही. तुझ्या सुटकेची तारीख कळली की आईला मी आदल्या दिवशीच मावशीकडे पाठवीन, म्हणजे आपल्या दोघांत कुणी येणार नाही.

तुझा धाकटा भाऊ,
दाल्सू